एकेचाळिसावं मिनिट

३ तारीख, मंगळवार

ताई,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरून राहिलेलं नाही. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं, मग कागदच बदलला. तू माझा नंबर बंद करून टाकलास म्हणून हे पत्र. तुझा निरोप बाबांकडून पोचला. "तिला सांगा, आधी माफी माग, मग तोंड दाखव." बाबांनी तो अगदी तुझ्या ठसक्यासकट सांगितला आणि शेवटी स्वतःचं जोडलं, "माग की गं, काय जातं तुझं."

काय जातं ते मला माहीत आहे. मी माफी मागणार नाही.

माणूस सिनेमाला जातो, आवडला नाही तर उठतो. जेवण आवडलं नाही तर ताटावरून उठू नये म्हणतात, पण सिनेमा म्हणजे ताट नाही. मी आजवर इतक्या सिनेमांतून उठले आहे की त्यांचे शेवट मला लोकांच्या तोंडून कळतात. एकदा तर नावांच्या पाट्या पडत होत्या तेव्हाच उठले, कारण नावं लिहिणाऱ्यानेच आळस केला होता आणि मला वाटलं, इथेच ही गत तर पुढे काय. आणि गंमत बघ, लहानपणी याच्या बरोब्बर उलट होतं. आपल्या लाँड्रीसमोरच्या थिएटरातले डोअरकीपरकाका मध्यंतरानंतर मला फुकट आत सोडायचे. दहा वर्षांची होईपर्यंत मी नुसते उत्तरार्ध बघितलेत. सगळी माणसं आधीच एकमेकांवर का रागावलेली असतात, हे मला कधी कळलंच नाही.

कुठे होते मी? हां, माफी.

तू केलेल्या सिनेमाचा पहिला खेळ होता, मान्य. मी तिसऱ्या रांगेत अगदी मधोमध 'कुटुंबीय' अशी चिठ्ठी चिकटवलेल्या खुर्चीवर होते, तेही मान्य. अकरा जणांचे गुडघे ओलांडून बाहेर पडले, आणि माझ्या मागून सात जण उठले. पण मी त्यांना हाताला धरून नेलं नव्हतं. तू मुलाखतीत म्हणालीस ना, "सख्खी बहीण उठल्यावर परक्यांना काय बोलणार." बोल की. परक्यांनाही बोल. त्यांना कंटाळा आला होता. मलाही आला होता. तुझी ती नायिका बसस्टॉपपासून घरापर्यंत सहा मिनिटं चालते. नुसती चालते. मी बघून बघून दमले, ती दमली नाही. मला कंटाळा आला, मी उठले. एवढंच आहे ते.

शेजारी बसलेले बाबा उठले नाहीत. मला वाटलं होतं, मागोमाग येतील. मी बाहेर पायऱ्यांवर दीड तास बसले. ते सगळ्यांत शेवटी आले, कठड्याला धरत. मी विचारलं, कसा होता? म्हणाले, "शर्टांच्या कॉलरी छान बसवल्या होत्या. माहितगार माणसाने केलेलं काम आहे."

त्यावर मी तुला काय काय बोलले असते, ते या कागदावर मावणार नाही.

आणखी एक. मला नवं काम लागलंय. हसशील म्हणून सांगणार नव्हते. पुढच्या वेळी.

धाकटी


६ तारीख, शुक्रवार

ताई,

उत्तर आलं नाही. येणारही नाही. तरी लिहिते, कारण आज जे झालं ते सांगायला दुसरं कोणी नाही. खोलीत माझ्यासोबत राहणारी नर्स दिवसा झोपते आणि जागी असली की फक्त पेशंटांबद्दल बोलते.

काम असं आहे. इथली एक कंपनी पाच-सहा थिएटरं चालवते. कोणत्या सिनेमातून लोक कधी उठून जातात, हे त्यांना मोजून हवं असतं. त्यासाठी माणूस ठेवतात. शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसायचं. मांडीवर मिनिटांच्या ओळी आखलेला कागद, हातात पेनाला बांधलेला बारका दिवा. कोणी उठलं की त्या मिनिटासमोर रेघ. दहा मिनिटांत परत आला तर रेघेवर गोल, म्हणजे बाथरूमला गेला होता. नाही आला तर रेघ तशीच, म्हणजे गेला. मध्यंतरापर्यंत चौथा हिस्सा लोक गेले, तर सिनेमा पुढच्या शुक्रवारी उतरवतात.

म्हणजे उठण्यावर मला पगार मिळतो. तू म्हणायचीस ना, ही कुठे टिकणार नाही. शाळेतून उठली, पार्सलच्या गोदामातून उठली, हॉटेलच्या काउंटरवरून उठली. आता मी एका जागी बसून दुसऱ्यांचं उठणं लिहिते.

माझ्या वरच्या माणसाला सगळे घड्याळमामा म्हणतात. दोन मनगटांवर दोन घड्याळं लावतो, एक चुकलं तर दुसरं असावं म्हणून. दोन्हींत तीन मिनिटांचा फरक आहे आणि कोणतं चुकलंय ते त्यालाही माहीत नाही. पहिल्याच दिवशी त्याने मला शिकवलं, "उठणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. खुर्चीकडे बघायचं. तोंड बघितलंस की दया येते." पण कान कसे बंद करणार? परवा एक आजोबा उठायला लागले तर आजी म्हणाल्या, "तिकीट काढलंय ना, बसा आता." ते म्हणाले, "तिकीट मी काढलंय, शिक्षा तू का भोगतेस?" दोघं बसून राहिले. कालचा एक जण बायकोला म्हणाला, "चल, घरी जाऊन निदान भांडू तरी." ते दोघं गेले. छप्पन्नावं मिनिट.

तर आज सकाळी मामाने कागद दिला, आणि कागदावर वर तुझ्या सिनेमाचं नाव.

मी बोलले नाही, की ही माझी बहीण. बोलले असते तर मला दुसऱ्या पडद्यावर पाठवलं असतं. का बोलले नाही ते विचारू नकोस. साडेबाराच्या खेळाला एक्कावन्न माणसं होती. तुझ्या त्या चालण्यात नऊ जण गेले. एक जण जाता जाता पडद्याकडे हात करून म्हणाला, "पोचली की कळवा म्हणावं." मध्यंतरापर्यंत चौदा. एक्कावन्नाचा चौथा हिस्सा म्हणजे तेराच्या जरा आत. बारा लिहिले असते तर तू वाचली असतीस. मी चौदा लिहिले. पेन दाबून चाललं, मागच्या पानावर उठलंय.

बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.


८ तारीख, रविवार

ताई,

तुला लाज वाटत नाही?

मोजणी मध्यंतरापर्यंतच असते, पण आज पाऊण तासाने दुसऱ्या पडद्यावर बसायचं होतं, म्हणून मी आतच थांबले. तुझा सिनेमा शेवटपर्यंत बघितला. त्या दिवशी मी पायऱ्यांवर बसले होते तेव्हा आत बाबा काय बघत होते, ते आज मला दिसलं.

तू त्यांना मारून टाकलंस. मेलेल्या बापाच्या बंद दुकानात ती मुलगी येते, मशीनवर हात ठेवते, आणि म्हणते, मी तुम्हाला माफ केलं. आणि मागे ती बासरी. दोन रांगा पुढे एक बाई रडत होती. मला जाऊन तिचा खांदा हलवावासा वाटला. बाई, कोणासाठी रडताय? तो माणूस जिवंत आहे. त्याचे गुडघे दुखतात, तो चहात बुडवून पाव खातो आणि अजून दिवसाला चाळीस शर्ट इस्त्री करतो.

तू त्यांना माफ केलंस. कशाबद्दल?

वैतागून दुपारी बाबांना फोन केला, तर ते कोटाला इस्त्री करत होते. स्वतःच्या. आईच्या वेळचा तो एकच कोट. म्हणाले, अठरा तारखेला तुझ्या शहरात मोठा खेळ आहे, तू त्यांना बोलावलंस, सिनेमा संपल्यावर त्यांना स्टेजवर नेणार आहेस. "तिने सांगितलंय, मला काही बोलावं लागणार नाही. ती बोलेल. मी नुसतं उभं राहायचं."

मी म्हटलं, "बाबा, ती तुम्हाला सगळ्यांसमोर माफ करणार आहे. हे कळतंय ना तुम्हाला?"

"करू दे. तिला बरं वाटेल."

"आणि तुम्हाला?"

"कोट मापात आहे अजून," म्हणाले.

मी फोन ठेवला. नर्स जागी झाली होती, तिने विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, अजून कोणी नाही.

अठराला अजून दहा दिवस आहेत. तू त्यांना स्टेजवर नेऊ नकोस. मी विनंती करत नाहीये, सांगतेय. का, ते विचारशील तर... नको नेऊस, बस. एवढं पुरेसं असायला हवं.


११ तारीख, बुधवार

ताई,

तुझा सिनेमा इथून उतरला. उद्या शेवटचा खेळ. माझ्याच कागदांवरून उतरला. सहा खेळ मोजले आणि प्रत्येकाचा आकडा खरा लिहिला, एकही जास्त नाही, एकही कमी नाही. कशाची शपथ घालू ते कळत नाही, तुझा माझ्यावर विश्वास नाही आणि देवावर तर आधीपासूनच नाही.

पण एक गोष्ट घडली ती सांगायला हवी. मामाने कागद वाचले आणि मला बोलावलं. "हे काय आहे?" मी समासात लिहिलं होतं, सहाही कागदांवर: मिनिट एकेचाळीस ते सत्तेचाळीस, कोणीही नाही. मामा म्हणाला, "न उठलेले लिहायचे नसतात. रिकामी ओळ रिकामी सोडायची." मी म्हटलं, "मामा, सहा खेळांत मिळून अडीचशे माणसं होती. त्या सहा मिनिटांत एक खुर्ची वाजली नाही. बाथरूमलासुद्धा कोणी गेलं नाही." तो म्हणाला, "मग? चांगला सीन असेल." आणि कागद फाइलला लावले.

चांगला सीन आहे. हो, चांगला आहे. बाप दुकानात एकटा. गिऱ्हाइकांच्या कपड्यांचा ढीग. एकेका पँटचे खिसे तपासून, उलटे करून बाहेर ओढतो, मग ती टोपलीत. सगळ्या पँटींचे खिसे जिभांसारखे बाहेर लोंबतायत. तू विसरली नाहीस काही. मग मुलीची पँट येते. खिशात पत्र. सिनेमाच्या शाळेतल्या मुलाखतीचं. तो चष्मा लावतो, वाचतो, पुन्हा वाचतो, नीट घडी घालतो, खिशात ठेवतो, खिसा आत ढकलतो आणि पँट मशीनमध्ये टाकतो. झाकण. पाणी भरल्याचा आवाज. काचेआड कपडे फिरायला लागतात. तो खुर्ची ओढून समोर बसून बघत राहतो.

एकेचाळिसाव्या मिनिटाला सुरू होतो तो सीन. त्या दिवशी मी उठले ते एकेचाळिसाव्या मिनिटाला.

मला कंटाळा आला नव्हता.

पुढचं लिहायला घेतलं आणि तीनदा थांबले. पेन बरं चालत नाहीये. इथे खाली टायरवाल्याच्या दुकानात कॉम्प्रेसर चालू झाला की टेबल हलतं. उद्या लिहीन.


१२ तारीख, गुरुवार

ताई,

हे कुरिअरने पाठवतेय, अठराच्या आधी हातात पडावं म्हणून. उभ्याने वाचू नकोस. किंवा वाच, मला काय.

ती पँट बाबांनी धुतली. खिसा त्यांनी बघितलाच नव्हता. खिसे बघायचं काम माझं होतं.

तुला आठवत असेल, किंवा तू सोयीने विसरली असशील. आई गेल्यावर बाबांनी कामं वाटून दिली होती. तुला कपड्यांना नंबरच्या चिंध्या बांधणं आणि गिऱ्हाईक. मला खिसे. मी दहा वर्षांची. हात लहान, खिशात बरोबर जायचे. बाबांनी नियम घालून दिला होता, तपासलेला खिसा बाहेर ओढून ठेवायचा, म्हणजे मशीनजवळच्या माणसाला लांबून कळतं. सापडलेलं सगळं बिस्किटांच्या डब्यात. किल्ल्या, पावत्या, एकदा एका माणसाचा दात निघाला होता. मी तो दोन दिवस घेऊन फिरले होते.

त्या दिवशी ढीग मोठा होता. मी अर्धा संपवला होता. समोर मध्यंतर संपल्याची घंटा झाली, आपल्या दुकानात ऐकू यायची ती. घंटेनंतर पाच मिनिटांत गेलं नाही तर डोअरकीपरकाका दार लावून घ्यायचे. मी उरलेला अर्धा ढीग तसाच्या तसा उचलला, टोपलीत तपासलेल्यांवर टाकला आणि पळाले. सिनेमा कोणता होता तेही आठवत नाही. शेवटी सगळे एका जहाजावर होते.

परत आले तेव्हा तू मशीनसमोर उभी होतीस. हातात ती पँट आणि पत्राचा लगदा. बाबांनी विचारलं, खिसे कोणी बघितले. मी म्हटलं, मी. सगळे बघितले. बाबांनी मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ताई, त्या दिवशी मशीनमधून निघालेल्या अर्ध्या कपड्यांचे खिसे आत होते. अर्ध्या कपड्यांचे. परक्या लोकांच्या पँटी, शर्ट, सगळे. तू फक्त तुझी पँट बघितलीस. तू त्याच दुकानात वाढलीस, तुला कळायला हवं होतं. एकटी तुझी पँट असती तर मुद्दाम. अर्धा ढीग म्हणजे कोणीतरी काम सोडून पळालं होतं. पण तू टोपलीकडे वळून बघितलंच नाहीस. तुझ्याजवळ गोष्ट आधीच तयार होती. आदल्या दिवशी सिनेमाच्या शाळेवरून भांडताना बाबा म्हणाले होते, "जाऊन दाखव." झालं. तुला तेवढं पुरलं.

"तुम्ही मुद्दाम केलंत," तू म्हणालीस.

आणि बाबा म्हणाले, "माझ्या हातून धुतलं गेलं."

मी इस्त्रीच्या टेबलामागे उभी होते. वाट बघत होते, आता सांगतील, आता सांगतील. ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, तू मूळ पत्र नाही म्हणून मुलाखतीतून परत आलीस त्या दिवशी नाही, पुढच्या वर्षी बॅग घेऊन निघालीस तेव्हा नाही. मला एक शब्द रागावले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवसापासून खिसे ते स्वतः तपासायला लागले. मी टोपलीला हात लावला की म्हणायचे, राहू दे, तू खेळ. ही शिक्षा होती की दया, हे मला अजून कळलेलं नाही, आणि याच गोष्टीचा मला त्यांचा इतका राग येतो की तुझ्यावरचा राग त्यापुढे काहीच नाही. मारलं असतं तर फिटलं असतं. बारा वर्षं मी घरातून, शाळेतून, गोदामातून उठून जातेय आणि प्रत्येक वेळी वाटतं, मागून कोणीतरी म्हणेल, थांब, तो ढीग कोण बघणार. कोणी म्हणत नाही.

मी सांगायला हवं होतं. दहाव्या वर्षी भ्यायले, सोळाव्या वर्षी उशीर झाला असं वाटलं. मग तू मोठी झालीस, तुझी गोष्ट मोठी झाली, मुलाखतींत आली, लोक तुला विचारायला लागले आणि तू सांगत गेलीस. मग सिनेमा. आणि मी त्या चिठ्ठी चिकटवलेल्या खुर्चीवर बसून बघतेय की एक नट माझं काम करतोय, आणि बाजूला बाबा बसलेत आणि स्वतःला ते करताना बघतायत. मी उठले नसते तर ओरडले असते. हे खरं कारण आहे. तुझा सिनेमा वाईट नाही. ते चालणं वाईट आहे, ते काप. पण सिनेमा वाईट नाही.

उठून गेल्याची माफी मी मागणार नाही. खिशांची मागते.

आणि हेही सांगून टाकते. गिऱ्हाइकांच्या ढिगात स्वतःची पँट टाकलीस कशाला? त्यात इतकं मोलाचं पत्र होतं तर दोन हात चालवून स्वतः धुवायची होतीस. तुला घरात सगळं आयतं लागायचं. हे मी बारा वर्षं पोटात ठेवलंय, आता माफीच्या पत्रात लिहू नये असं वाटतं, पण लिहिलं.

अठराला त्यांना स्टेजवर नेऊ नकोस. माफ करायचंच असेल तर ती जागा माझी आहे. आणि मी येणार नाही, कारण मला तशी माफी नको.

धाकटी


२२ तारीख, रविवार

ताई,

बाबांचा फोन आला, परत पोचले. तू काय केलंस ते त्यांच्याकडून कळलं. ते नीट सांगत नाहीत हे तुला माहीत आहे. बसमध्ये शेजारी कोण होतं इथपासून सुरुवात केली. तो माणूस मधमाश्या पाळतो म्हणे. मी दहा मिनिटं मधमाश्या ऐकल्या.

मग कळलं की अठराच्या सकाळी ते उतरले होते त्या खोलीवर तू गेलीस, हातात माझं पत्र होतं. तू विचारलंस, खरं आहे का. ते म्हणाले, "खिसे तपासायचं काम दुकानदाराचं. पोरीला लावलं ही चूक माझी." हे ऐकून मी फोनवर ओरडले. बारा वर्षांनंतरही तेच. मी म्हटलं, बाबा, एकदा तरी हो म्हणा, तिने केलं म्हणा. ते म्हणाले, "म्हटलं ना शेवटी. तिने दोनदा विचारलं तेव्हा म्हटलं."

आणि तू त्यांच्यावर चिडलीस. गप्प का बसलात, इतकी वर्षं मला का सांगितलं नाहीत. तेव्हा ते काय म्हणाले, ते त्यांनी मला दोनदा सांगितलं, त्यांना स्वतःलाच आवडलं असावं. "म्हटलं, बाळा, तू तेव्हा विचारलं नव्हतंस. तू सांगितलं होतंस."

संध्याकाळच्या खेळाला तू त्यांना स्टेजवर नेलं नाहीस. कोट घालून ते प्रेक्षकांत बसले. शेवटी कोणीतरी तुला विचारलं, ही तुमच्या वडिलांची खरी गोष्ट आहे का, आणि तू म्हणालीस, "नाही. मला वाटलं होतं, आहे." मग तू माइक ठेवून आत निघून गेलीस. बाबा म्हणाले, टाळ्या कमी पडल्या, लोकांना काही उमगलं नाही. नंतर तुम्ही दोघं जेवलात. त्यांच्यासाठी भात मऊ करून आणायला सांगितलास, एवढंच.

आणि कालचा तुझा मेसेज. नंबर उघडलास, एक ओळ पाठवलीस आणि पुन्हा बंद केलास. "तू माझी बारा वर्षं खाल्लीस."

खाल्ली. वाद घालत नाही. पण मला खरं सांगायचं तर मेसेज वाचून मला रडू आलं नाही, भूक लागली. कित्येक दिवसांनी नीट जेवले. नर्सने विचारलं, काय झालं, मी म्हटलं, बहीण चिडली आहे. ती म्हणाली, ती तर आधीपासूनच चिडलेली होती ना? मी म्हटलं, हो, पण आता माझ्यावर.

म्हणून आता मीही गुळमुळीत लिहिणार नाही. तुझी बारा वर्षं मी खाल्ली, पण बाबांची बारा वर्षं आपण दोघींनी मिळून खाल्ली. मी गप्प बसून, तू बोलून. तू दहा वर्षांत दुकानात किती वेळा आलीस? दोनदा. एकदा फोटो काढायला, एकदा ते मशीन सिनेमासाठी मापायला. हे तुझ्या तोंडावर बोलायचं आहे मला. आणि तुला जे बोलायचंय तेही एका ओळीत मावणारं नाही, तू एवढी थोडक्यात बोलणारी कधीच नव्हतीस.

बाबा दुकान बंद करतायत. मला आजच कळलं, मधमाश्यांच्या आणि तुझ्या मध्ये कुठेतरी सांगून टाकलं. तीस तारखेला मशीन न्यायला माणसं येणार. त्याआधी लोकांचे राहिलेले कपडे धुऊन परत करायचे आहेत, वर्षानुवर्षं कोणी न नेलेल्या गाठोड्यांसह. एकट्याने होणार नाही ते. मी इथलं काम सोडून जातेय. मामा म्हणाला, "तूही उठलीस?" मी म्हटलं, हो मामा, रेघ मारून ठेवा.

तू ये. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, भांडायचं असेल तर दिवसभर भांड. मी अठ्ठावीसपासून तिथे असेन. सकाळी आठला शटर मी उघडते. चिंध्या बांधायला माणूस लागेल. खिसे मी बघेन.

धाकटी